ज्योतीची साक्ष : पोटॅश, मीठ आणि पूर्णाकाठची जमीन

चुलीची जागा आता खेड्यापाड्यांतूनही बहुतेक घरी गॅसच्या शेगडीने घेतली आहे. ह्या शेगडीची ज्योत निळी असते. परंतु तीवर ठेवलेले वरण उतू जाऊन चार थेंब खाली पडले म्हणजे तीच ज्योत एकाएकी पिवळी होऊन उफाळते, हे प्रत्येक घरी पाहिलेले असते. वरणातील हळदीमुळे असे होते अशी पुष्कळांची समजूत आहे. पण ती खरी नव्हे. हळदीचा स्पर्शही न झालेले मिठाचे पाणी त्या ज्योतीवर शिंपडले तरी रंग तोच येतो. तो रंग मिठातील सोडियम ह्या धातूचा होय. मीठ म्हणजे सोडियम व क्लोरीन ह्यांचा संयोग. ज्योतीच्या उष्णतेने त्यातील सोडियमचे अणू मोकळे होऊन तापतात व आपला ठराविक पिवळा प्रकाश बाहेर टाकतात.

निरनिराळ्या धातूंचे क्षार ज्योतीत धरले असता निरनिराळे रंग देतात, व त्या रंगावरून धातू कोणता हे ओळखता येते. ह्या रीतीस ज्योत-परीक्षा म्हणतात. आमची मुले ती शाळेत पाठ करतात आणि वार्षिक परीक्षा आटोपली की विसरतात. वास्तविक अमरावती व अकोला जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांस ज्यांची शेते आहेत, अशा शेतकऱ्यांस ह्या विद्येचा जितका उपयोग आहे तितका क्वचितच कोणास असेल. सोडियम आपल्या जमिनीत नको तितका आहे. पोटॅशियम आपण दाम मोजून पोत्यातून आणतो. आणि ह्या दोघांचे क्षार दिसण्यात, चवीत व पाण्यात विरघळण्यात जुळ्या भावांसारखे आहेत. त्यांस वेगळे ओळखण्याचा पहिला मार्ग ज्योतीचाच. मात्र ज्योतीची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी व कोठे धरू नये हे न कळल्यास लाभापेक्षा हानीच अधिक होते, म्हणून विषयाचा थोडा विस्तार करीत आहो.

प्रथम आपल्या जमिनीविषयी. पूर्णा नदी बैतूल जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून वाहत जाते व चांगदेवजवळ तापीस मिळते. हिच्या खोऱ्याचा सखल भाग खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. येथील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी इतके खारे की, अकोला जिल्ह्यातील दहीहंड्यास त्यापासून पूर्वी मीठ काढीत. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्याची वेळ आली तेव्हा वऱ्हाडच्या सत्याग्रह्यांस समुद्रकिनारा शोधावा लागला नाही. दहीहंड्याच्या विहिरीचे पाणी आटवूनच त्यांनी तो मोडला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातूनही पूर्वी खार काढला जात असे. तो खाण्याच्या मिठाहून निराळा, धुण्याच्या सोड्याच्या जातीचा. परंतु त्यातील मुख्य धातू हाच, सोडियम.

महसुली दप्तरात आमची बरीच वर्षे गेली. तेथे, आणि गावकऱ्यांच्या बोलण्यातही, जमिनीच्या ह्या सर्व दोषांस एकच शब्द चालतो : खारी. पण एका शब्दाने दोन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. जेथे विद्राव्य क्षार वर फुलून पांढरी फूल येते ती जमीन डोळ्यांस दिसते. चोपण जमीन मात्र वरून काळीभोर, सुपीक वाटते आणि आत बिघडलेली असते. पूर्णेच्या खोऱ्यात हा दुसरा प्रकार फार. आपल्याकडे पाऊस बेताचा व ऊन कडक. त्यामुळे जमिनीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बांधला जातो व मातीच्या बारीक कणांवर सोडियमचा वाटा वाढत जातो. असा सोडियम धरलेला चिकण कण पाणी लागताच फुगतो व विस्कटतो. मातीची छिद्रे बुजतात. पाणी खाली मुरत नाही आणि वर साचून राहते. शास्त्रज्ञ मातीच्या कणांवरील सोडियमचे प्रमाण शेकडा १५ च्या वर गेले म्हणजे जमीन चोपण झाली असे सामान्यतः मानतात. परंतु पूर्णेच्या काळ्या चिकण मातीत त्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही निचरा बिघडतो, असे संशोधनात दिसून आले आहे. अशा जमिनीत पोटॅश म्हणून मीठ पडले तर काय होईल हे सांगावयास नको. ५० किलो मिठात सुमारे २० किलो सोडियम असतो. शेजारच्या डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्याचे त्यात पैसे बुडतील; खारपाणातील शेतकऱ्याचे पैसेही बुडतील आणि जमीनही बिघडेल.

हे जुळे भाऊ प्रथम निश्चितपणे वेगळे ओळखले गेले ते ज्योतीनेच, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. बंदुकीच्या दारूत जो सोरा घालीत तो पोटॅशियमचा. तशाच रूपाचा सोडियमचाही सोरा असतो. बर्लिन येथील मार्गग्राफ नावाच्या रसायनज्ञाने १७५८ साली हे दोन्ही सोरे निखाऱ्यावर टाकून पाहिले. एकाची ज्योत पिवळी आली व दुसऱ्याची निळसर जांभळी. एवढ्यावरून ह्या दोहोंतील मूळ पदार्थ भिन्न आहेत, असे त्याने प्रतिपादिले. सोडियम व पोटॅशियम हे धातू शुद्ध रूपात हाती येण्यास त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे लागली. १८०७ साली इंग्लंडात डेव्ही ह्याने ते विजेच्या साह्याने वेगळे केले.

ह्या परीक्षेस खरी प्रतिष्ठा आणली ती जर्मनीतील हायडेलबर्ग येथील बुन्सेन व किर्खोफ ह्या दोघा पंडितांनी. बुन्सेनने १८५५ च्या सुमारास एक गॅसचा दिवा प्रचारात आणला. त्यात गॅस पेटण्यापूर्वीच हवा मिसळत असल्यामुळे ज्योत अतिशय उष्ण व जवळजवळ रंगहीन होत असे. आपल्या स्वयंपाकघरातील शेगडी ह्याच तत्त्वावर चालते. चुलीची किंवा कंदिलाची ज्योत स्वतःच पिवळी असते, कारण तीत न जळलेल्या कोळशाचे सूक्ष्म कण तापून प्रकाशत असतात. म्हणून तीत दुसऱ्या कशाचा रंग पाहू जाणे म्हणजे हळदीने रंगलेल्या हातावर हळद शोधण्यासारखे आहे. १८५९–६० साली ह्या दोघांनी रंगीत ज्योतीचा प्रकाश काचेच्या लोलकातून पाहिला. प्रत्येक धातू ठराविक जागी ठराविक रेघा देतो व त्या कधी चुकत नाहीत, असे त्यांस आढळले. ह्याच साधनाने त्यांस १८६० साली सीझियम व १८६१ साली रुबिडियम हे दोन नवे धातू सापडले. आपल्या देशाचाही ह्या कथेशी संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतात दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी गुंटूर येथे जान्सेन ह्या फ्रेंच ज्योतिषाने व इतरत्र इतरांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश असाच तपासला. त्या ज्वाळांत एक पिवळी रेघ दिसते. ती सोडियमच्या रेघांच्या अगदी जवळ, पण त्यांशी न जुळणारी. पुढे तिच्यावरूनच हेलियम ह्या वायूचा पत्ता लागला. पृथ्वीवर तो हाती आला १८९५ साली.

हे रंग येतात कशाने? अणूच्या गाभ्याभोवती विद्युत्कण ठराविक पायऱ्यांवर असतात. ज्योतीची उष्णता मिळाली म्हणजे बाहेरचा कण वरच्या पायरीवर चढतो आणि लागलीच खाली उतरताना घेतलेली शक्ती प्रकाशरूपाने परत करतो. पायऱ्यांची उंची प्रत्येक धातूत निराळी व कायमची ठरलेली, म्हणून प्रकाशाचा रंगही ठरलेला. रात्री गाडीवाटेने जाणाऱ्या बैलांच्या घुंगरमाळांचा आवाज ऐकून ही जोडी कोणाची हे अंगणात निजलेला माणूस न पाहता सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

सोडियमचा पिवळा रंग वर आलाच आहे. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी, वांग्याच्या फुलासारखी. कॅल्शियमची म्हणजे चुन्यातील धातूची विटकरी तांबडी, स्ट्राँशियमची लालभडक, बेरियमची पोपटी. ह्यांतील शेवटचे दोन आपणांस शेतीत भेटत नाहीत, पण दिवाळीत भेटतात. शोभेच्या दारूतील तांबडे व हिरवे रंग बहुधा त्यांचेच. तांब्याची ज्योत हिरवी, काठास निळसर. संत्र्याच्या झाडास बोर्डो मिश्रण करण्यासाठी आपण जे मोरचूद आणतो ते तांब्याचाच क्षार असल्यामुळे ज्योतीत हिरवा रंग देते. वरूड-मोर्शीकडील बागाइतदार तयार मिश्रणात लोखंडी विळा बुडवून त्यावर तांबूस लेप चढतो का पाहतात. चढला तर चुना कमी पडला असे समजतात. ती परीक्षा वेगळी व आपल्या जागी अगदी योग्य आहे.

आता कृती. ती गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींच्या समक्ष करावी हे उत्तम, कारण तीत तेजाब लागते. नायक्रोमच्या तारेचा वीतभर तुकडा घ्यावा; विजेच्या शेगडीच्या वेटोळ्यात असते ती ही तार. तांब्याची तार घेऊ नये, ती स्वतःच हिरवा रंग देते. तारेच्या टोकास बारीकसा वेढा द्यावा. ते टोक हायड्रोक्लोरिक आम्लात, ज्यास बाजारात मिठाचे तेजाब म्हणतात, बुडवून निळ्या ज्योतीत धरावे. पुन्हा बुडवावे, पुन्हा धरावे. ज्योतीत कोणताही रंग उमटेनासा झाला म्हणजे तार स्वच्छ झाली. नंतर ती ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे जे पाणी मिळते त्याने, ओली करून खताच्या बारीक पुडीस टेकवावी व ज्योतीच्या बाहेरच्या काठाशी धरावी. खोलीत अंधार असल्यास रंग स्पष्ट दिसतो. पुडी चिमूटभरसुद्धा नको, तारेस चिकटेल तेवढी पुरे.

नत्रयुक्त खते मूठभर आगीवर टाकून पाहण्याचा विचारही करू नये, ती भडकतात. कीटकनाशके तर ज्योतीजवळ नेऊच नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतू नये, हेही सांगून ठेवतो. लहान मुलांस दूर बसवावे.

इतकी काळजी घेतली तरी खारपाणातील मनुष्यास एक अडचण येते, आणि तीच ह्या लेखाचे कारण आहे. सोडियमची ज्योत अतिशय बोलकी आहे. बुन्सेन व किर्खोफ ह्यांनी प्रयोग करून असे दाखविले की, एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियम असला तरी तो ज्योतीत उघड होतो. बोटाच्या घामात सोडियम, हवेतल्या धुळीत सोडियम, आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात तर तो किती आहे हे दहीहंड्याने दाखविलेच आहे. म्हणून पूर्णाकाठी विहिरीच्या पाण्याने ओली केलेली तार कशासही लावली, तरी ज्योत पिवळीच होणार. बाजारात एखादा मोठ्याने ओरडत असला म्हणजे शेजारी हळू बोलणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. तसा सोडियमच्या पिवळ्या उजेडात पोटॅशियमचा जांभळा लोपून जातो. त्यातही मनुष्याच्या डोळ्यास पिवळा रंग फार लवकर जाणवतो. पोटॅशियमचा प्रकाश इंद्रधनुष्याच्या दोन टोकांस, काही अगदी गडद तांबड्यात व काही अगदी जांभळ्यात, आणि ह्या दोन्ही टोकांस आपली दृष्टी मंद.

ह्यावर उपाय निळ्या काचेचा. कोबाल्ट धातू घालून केलेली गडद निळी काच शाळांस प्रयोगसाहित्य पुरविणाऱ्या दुकानात मिळते. ती पिवळा प्रकाश गिळून टाकते व दोन्ही टोकांचा प्रकाश जाऊ देते. तिच्यातून पाहिले असता सोडियमची ज्योत जणू विझते, आणि पोटॅशियम असल्यास किरमिजी जांभळी ज्योत दिसू लागते. निळा रंग फासलेली काच किंवा औषधाची निळी बाटली चालेल असे समजू नये. तिच्यातून पिवळा प्रकाश निसटण्याचा संभव असतो.

पोटॅशच्या पोत्याविषयी आता नेमके बोलता येईल. आपण वापरतो ते म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. हे आपल्या देशात जवळजवळ सर्व परदेशांतून येते. पांढरे असते तसे तांबूसही असते. तांबूसपणा लोहाच्या अंशाचा, त्यावरून खरेखोटे ठरत नाही. मीठही रंगविता येते. खत नियंत्रण आदेश, १९८५ ह्याप्रमाणे ह्या खतात पाण्यात विरघळणारे पोटॅश शेकडा ६० असावे लागते, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ३० किलो. त्याच आदेशात मिठाचे प्रमाण शेकडा साडेतीनपर्यंत असण्यास मुभा आहे. म्हणजे अस्सल, निर्दोष पोत्यातही पावणेदोन किलो मीठ कायद्याने चालते! तेव्हा अस्सल पोटॅशचीही ज्योत नुसत्या डोळ्यांस पिवळीच दिसेल, कित्येकदा भडक पिवळी दिसेल, आणि त्यावरून दुकानदारास चोर ठरविणे हा त्याच्यावर धडधडीत अन्याय होईल.

असा प्रसंग आमच्या पाहण्यात आला आहे. पूर्णाकाठच्या एका गावी एका सद्गृहस्थांनी मुलाच्या पुस्तकात वाचून पोटॅशचे खडे विहिरीच्या पाण्यात कालविले व त्या पाण्यात भिजविलेली काडी शेगडीवर धरली. ज्योत पिवळीधमक झाली. झाले! पोत्यात मीठ आहे अशी गावभर आवई उठली, आणि चार मंडळी दुकानावर चालून जाण्याच्या तयारीस लागली. त्यांस थांबवून शाळेतील गुरुजींनी स्वच्छ तारेने, बॅटरीच्या पाण्याने व निळ्या काचेतून तीच परीक्षा पुन्हा केली, तेव्हा किरमिजी जांभळी ज्योत सर्वांनी पाहिली. आता मंडळी दुसऱ्या टोकास गेली व खत शंभर नंबरी आहे असे म्हणू लागली. गुरुजींनी मग त्याच पुडीत निम्मे खाण्याचे मीठ मिसळून तिसऱ्यांदा तार धरली. निळ्या काचेतून ज्योत तशीच किरमिजी दिसली.

ह्या तिसऱ्या ज्योतीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. निळ्या काचेतून काहीच न दिसले, आणि तार, पाणी व काच ह्यांत दोष नाही अशी खात्री झाली, तर त्या पोत्यात पोटॅश नाही असा बळकट संशय घेण्यास जागा आहे. मात्र किरमिजी दिसले तर पोटॅश आहे एवढेच सिद्ध होते. साठ टक्के आहे की तीस, हे ज्योत पाहून कोणासही सांगता येणार नाही. साक्षीदाराने आरोपीस गर्दीत पाहिले म्हणून त्याच्या हाती रक्कम किती होती हे तो सांगू शकत नाही.

दुसरीही मर्यादा आहे. ज्योत धातूचे नाव सांगते. त्याच्याशी संयोग पावलेल्या दुसऱ्या घटकाचे सांगत नाही. चोपण जमीन सुधारण्यास आपण जिप्सम घालतो. जिप्समातील कॅल्शियम मातीच्या कणावरील सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातो. अर्थात पाण्यास जाण्यास चर असेल तर. आता कोणी जिप्सम म्हणून चुनखडीचा चुरा गळ्यात घातला, तर ज्योत ते ओळखणार नाही; दोहोंत कॅल्शियम, दोहोंची ज्योत विटकरी. उलट जिप्समची ज्योत मंद, तेजाबात भिजविल्याशिवाय नीट उमटतही नाही, म्हणून चुनखडीच अधिक खरी वाटण्याचा संभव! तेथे ज्योत सोडून लिंबाचा रस घ्यावा. चुनखडीवर तो टाकताच बुडबुडे येऊन फसफसते; शुद्ध जिप्सम शांत राहते. चुनखडी आपल्या जमिनीत मुळातच पुष्कळ आहे आणि ती पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सोडियम हुसकण्याचे काम तिच्याने होत नाही.

झिंक सल्फेटच्या बाबतीत तर ज्योत मुकीच. ह्या खताच्या नावाखाली स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट विकण्याची लबाडी प्रसिद्ध आहे. मॅग्नेशियम शेगडीच्या ज्योतीस काही रंग देत नाही, आणि जस्ताचा रंगही ओळख पटेल असा नसतो. तेथे कृषि खात्याने सांगितलेली रीत बरी. डी. ए. पी. पाण्यात विरघळवून निवळ घ्यावी व तीत झिंक सल्फेटचे पाणी ओतावे. खरे असल्यास दाट साका धरतो, मॅग्नेशियम सल्फेटने तसा धरत नाही.

मग 'किती' हे कोण सांगणार? तेही ज्योतच सांगते, पण डोळ्याने पाहून नव्हे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ज्योत-प्रकाशमापक नावाचे यंत्र असते, फ्लेम फोटोमीटर. मातीतील पालाश काढण्यासाठी ५ ग्रॅम माती अमोनियम ॲसिटेटच्या २५ मिलिलिटर द्रावणात पाच मिनिटे हालवितात. अमोनियम मातीच्या कणावरील पोटॅशियमची जागा घेतो व पोटॅशियम पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून यंत्राच्या ज्योतीत बारीक तुषारांच्या रूपाने सोडतात. मधील गाळणी फक्त पोटॅशियमच्या रंगाचा प्रकाश पुढे जाऊ देते. तो प्रकाशविद्युत् घटावर पडून वीज उत्पन्न होते व आकडा उमटतो. त्यापूर्वी ज्यांतील पोटॅशियम ठाऊक आहे अशी द्रावणे सोडून यंत्राचे माप बसवून घेतलेले असते. म्हणजे आपल्या निळ्या काचेचे काम तेथे गाळणी करते आणि डोळ्याचे काम घट करतो. गाळणी बदलली की तेच यंत्र सोडियम मोजते. १९ फेब्रुवारी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेवर पालाशापुढे जो आकडा लिहून येतो तो बहुधा अशाच ज्योतीतून निघालेला असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पालाश सामान्यतः भरपूर निघतो, तेव्हा पोटॅशचे पोते खरे की खोटे ह्याची चिंता वाहण्यापूर्वी ते आपल्या शेतास हवे आहे काय, हे त्या आकड्यावरून पाहिलेले बरे. खारपाणातील शेतकऱ्याने माती देताना सोडियमचीही तपासणी मागावी व विहिरीचे पाणीही सोबत द्यावे. जिप्सम किती घालावे हे त्या अहवालावरून ठरते. १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आपल्या दाराशी आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांस शासनाच्या मृद चाचणी प्रयोगशाळाही आहेत.

खताविषयी संशय आल्यास करावयाचे काय, एवढे सांगून लेखणी ठेवतो. आपल्या शेगडीवरील ज्योत किंवा शाळेतील तार कोणत्याही कज्ज्यात पुरावा होत नाही. पुरावा होतो तो खत निरीक्षकाने रीतसर काढलेल्या नमुन्याचा. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करतो व त्यांतील एक प्रयोगशाळेस धाडतो. खत नियंत्रण प्रयोगशाळा अमरावतीस आहे. असा नमुना यंत्राने शिवलेल्या, न उघडलेल्या पोत्यांतून घ्यावयाचा असतो. आपण घरी आणून सोडलेल्या पोत्यात काय मिसळले गेले असेल ह्याची हमी कोणी घेत नाही. ह्यास्तव पाच पोती आणली असतील तर एकच उसवावे, त्यातून परीक्षा करावी, आणि संशय आल्यास उरलेल्या चारांस हात लावू नये. पक्की पावती घेतलेली असावी. तीवर खताचे नाव, उत्पादकाचे नाव व तारीख आहे हे दुकानातच वाचून पाहावे. पोत्यावरील खुणेचा क्रमांक तीवर नसेल तर तो मागील बाजूस आपण टिपून ठेवावा. लेखी तक्रार तालुका कृषि अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडे द्यावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि तक्रारीत "मीठ आहे" असे न लिहिता "पोटॅशच्या प्रमाणाविषयी संशय आहे, नमुना काढून तपासणी व्हावी" इतकेच लिहावे. दुकानात त्याच खुणेचा माल शिल्लक असेपर्यंत हे झाले पाहिजे. तो विकला गेल्यावर निरीक्षक येऊनही त्यास नमुना घेण्यास पोते सापडत नाही.